बारीक माणसाची साखर

मंडळी, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं; जीवरसायनशास्त्रात आम्ही विद्यार्थीच. पण कोथरूडमध्ये सकाळी फिरायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'गोडाला हात लावत नाही, अंगानंही बारीक, मग साखर कशी?' घोटाळा त्या 'मग'मध्ये आहे.

आधी हिशेब करू. अंगात साधारण ५ लिटर रक्त. उपाशीपोटी १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅम धरलं तर सगळ्या रक्तात मिळून साखर साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस! आणि एकट्या मेंदूला दिवसाला शंभरेक ग्रॅम ग्लुकोज लागतं. रात्रभर ते पुरवतं कोण? यकृत. जेवणानंतर ते ग्लायकोजेन साठवतं, रात्री सोडतं, शिवाय अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोजही बनवतं. त्याला 'आता पुरे' असं सांगतं इन्सुलिन. यकृताला ते ऐकू येईनासं झालं, की उपासाच्या (खऱ्या उपासाच्या, साबुदाण्याच्या नव्हे) सकाळीही साखर चढलेली दिसते.

स्नायूंचं असंच. इन्सुलिनचा निरोप आला की पेशीच्या आतले ग्लुकोज-वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. यकृतात, स्नायूंत चरबी साचली की निरोप अर्धवट पोचतो. चालताना मात्र हे वाहक इन्सुलिनविनाही वर येतात, म्हणून फिरणं सोडू नका.

पण बारीक माणसात चरबी कुठली? याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. आता सांगा, पोटातल्या बाळाने कसला संयम पाळायचा?

आमची साखर बासष्टाव्या वर्षी सापडली. वजन ५४ किलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न : 'सर, गोड फार खायचात का?'