कल्याणच्या तळ्याकाठी

सोलापूरहून हैदराबादला जाताना महामार्गावर सस्तापूर बंगल्याचा फाटा लागतो. तिथून उत्तरेला वळलं की बसवकल्याण. पाहुणे सहसा आधी किल्ला गाठतात. मी म्हणेन, आधी त्रिपुरांत तलावावर जा.

अकराव्या शतकाच्या मध्याला चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, सोडून कल्याणला, म्हणजे याच बसवकल्याणला, राजधानी आणली. मळखेडला कागिणा नदी आहे. कल्याणला मोठी नदी नाही. दरबार, फौज, बाजारपेठ पोसायची तर साठवलेल्या पाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणूनच आधी तलाव.

याच घराण्यातल्या सहाव्या विक्रमादित्याने १०७६ पासून स्वतःचा शक चालवला. त्याच्या पदरी काश्मीरचा कवी बिल्हण होता, ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वरही. पण मला जास्त जवळचा वाटतो त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. ११२९च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त त्याने नोंदवलंय, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात. कल्याणच्या राजाच्या कानापर्यंत आपल्या आज्या-पणज्यांचा आवाज पोचला होता! १९५६ साली कल्याण ज्यात आहे तो बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, सीमा आखली गेली. पण या मुलखातलं मराठी-कन्नडचं शेजारपण त्याहून कितीतरी जुनं आहे.

बाराव्या शतकात कलचुरी बिज्जळाच्या काळी बसवेश्वरांभोवती शरण, म्हणजे त्यांच्या वाटेने जाणारे शिवभक्त, जमले. धोबी माचिदेव, नावाडी चौडय्या, चांभार हरळय्या, चामडं कमावणारे कक्कय्या. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्यांची कथा तर पाण्यातलीच. तळ्यात गवत कापताना त्यांचं इष्टलिंग, अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, पाण्यात पडलं. ते शोधायला थांबले नाहीत, कापणी चालूच ठेवली. म्हणे लिंगच त्यांच्या मागे मागे आलं. श्रमाला पूजेइतका मान देणारी अशी दुसरी कथा मला ठाऊक नाही. कल्याणात शरणांच्या नावाच्या गुहा दाखवतात. त्यांना इथे ‘गवी’ म्हणतात. त्या वाकूनच पाहाव्या.

हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न लागलं आणि कल्याण पेटलं. दोन्ही बापांना देहदंड झाला. शरण पांगले, बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्यासोबत कित्येक जण नैर्ऋत्येला उळवीच्या जंगलाकडे गेले. कक्कय्यांना मानणारा समाज आज महाराष्ट्रातही आहे. मुंबईत, धारावीतल्या एका रस्त्याला संत कक्कय्यांचं नाव आहे.