ओसरीतली खानावळ आणि घरपट्टी

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडले, की भाविकाला पोटाची आठवण होते. अशा वेळी राहत्या घराच्या ओसरीत चालणारी एखादी खानावळ मला नव्या लॉजपेक्षा भावते. जुनी दगडमातीची भिंत शाबूत राहते आणि घरातल्या बाईच्या हाती चार पैसे येतात.

घरपट्टीचा हिशेब मात्र वेगळा आहे. २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी भांडवली मूल्यावर पट्टी आकारण्याचा नियम आला. इमारत जुनी असेल तर घसारा मिळतो, पट्टी उतरते. पण पुढे वापराचा भारांक लागतो : राहण्यासाठी १, उद्योगासाठी १.२०, व्यापारासाठी १.२५. म्हणजे चारशे रुपये पट्टीच्या घरात खानावळ निघाली की पाचशे. वीटही न हलवता!

शंभर रुपयांचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस. उताऱ्यावर एकदा 'वाणिज्य' लागले की पट्टी कुठवर चढेल, या धास्तीने माणसे धंदा सांगतच नाहीत. नमुना आठच्या उताऱ्यावर घर 'निवासी'च राहते. पुढे मोठी शेगडी, फ्रीज घ्यायला कर्ज मागितले, की बँक विचारते, धंद्याची जागा कुठे? कागदावर तर नुसते स्वयंपाकघर. मग सावकार आहेच.

सवलत ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सूट होती. मध्ये बंद पडली, २०२३ मध्ये परत मिळाली. ती राहणाऱ्यांना, धंदा काढणाऱ्यांना नव्हे. इंग्लंडमध्ये २०१४ ते २०१६ या काळात वर्षभर ओस पडलेले दुकान पुन्हा उघडणाऱ्याला स्थानिक करात दीड वर्ष निम्मी सूट मिळे.

ग्रामपंचायत म्हणेल, यात्रेकरूंचा कचरा, पाणी, दिवाबत्ती कुणी पाहायची? रास्त आहे. म्हणून सूट कायमची नको. उभ्या घरात, नवा स्लॅब न टाकता धंदा काढला आणि स्वतःहून नोंदवला, तर पहिली तीन वर्षे भारांक १ च ठेवावा. नियम सरकारचा असल्याने बदल मुंबईतच व्हावा लागेल. पण ग्रामसभेला तसा ठराव करून वर पाठवायला कुणाची आडकाठी आहे?