सरोवराकाठचे सांडपाणी

नदीत पडलेली घाण प्रवाहाबरोबर पुढे जाते व खालच्या गावांना बाधते. सरोवरात पडलेली घाण मात्र दीर्घकाळ तेथेच राहते आणि ती टाकणाऱ्या गावालाच बाधते. म्हणून सरोवराकाठच्या वस्तीस आपल्या सांडपाण्याचा विचार विशेष दक्षतेने करावा लागतो. फ्रान्समधील आन्सी सरोवराचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

आल्प्स पर्वताच्या कुशीतील हे सरोवर सुमारे १४ किलोमीटर लांब असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ चौरस किलोमीटर आहे. त्यातील सर्व पाणी बदलण्यास जवळजवळ ४ वर्षे लागतात. काठी आन्सी हे नगर व अनेक लहान गावे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या सर्वांचे सांडपाणी सरोवरातच मिसळत असे. हळूहळू पाण्याची पारदर्शकता घटू लागली व थंड, स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या माशांवर संकट आले.

असे का व्हावे? मलमूत्रात व धुण्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद यांचे क्षार असतात. शेतात जे खत, तेच सरोवरातही खत. त्यावर शेवाळ माजते. ते मरून तळाशी बसले की जीवाणू त्याचे विघटन करतात व त्या कामी पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. मग तळाशी घातलेली माशांची अंडी गुदमरतात.

सांडपाणी शुद्ध करण्याची रीत समजण्यास सोपी आहे. प्रथम जाळीने चिंध्या व काड्या अडविल्या जातात. नंतर संथ प्रवाहात वाळू खाली बसते. पुढे मोठ्या हौदात पाणी निवळते व जड गाळ तळाशी साचतो. त्यानंतर पाण्यात हवा खेळविली जाते. त्यामुळे जीवाणू वाढून विरघळलेली घाण खाऊन टाकतात. निसर्गात जे काम सावकाश होते, तेच येथे थोड्या जागेत व थोड्या तासांत करून घेतले जाते. परंतु एवढ्याने नत्र व स्फुरद पूर्णपणे निघत नाहीत. डोळ्यांस निर्मळ दिसणारे पाणीही सरोवरास खतच पुरविते.

ही अडचण आन्सीकरांनी ओळखली. डॉ. सर्वेताझ यांनी सरोवराच्या ऱ्हासाविषयी लोकांस सावध केले होते. १९५७ साली काठावरील ८ ग्रामसंस्थांनी एकत्र येऊन एक संयुक्त मंडळ स्थापिले. त्या काळी आन्सीचे नगराध्यक्ष शार्ल बोसों हे होते. सरोवराभोवती वळसा घालणारी गटारवाहिनी बांधून सर्व सांडपाणी एकत्र करावे, ते शुद्ध करावे आणि सरोवरात न सोडता त्याच्या खालच्या अंगास सोडावे, अशी ही योजना होती. काम अनेक वर्षे चालले व खर्चही मोठा आला. आज हे सरोवर आपल्या निर्मळ पाण्यासाठी प्रसिद्ध असून ते परिसरातील लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार आहे.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. एका गावाने गटार बांधले आणि शेजारच्याने न बांधले, तर दोघांचेही पाणी नासते. तसेच खाली सोडावयाचे पाणी शुद्ध केलेच पाहिजे. नाहीतर आपले संकट दुसऱ्याच्या दारी लोटल्यासारखे होईल.

शिक्षकांना हा पाठ प्रयोगाने शिकविता येईल. दोन काचेच्या बरण्यांत तळ्याचे पाणी भरावे. एकीत चिमूटभर सुपरफॉस्फेट टाकावे. डास होऊ नयेत म्हणून दोन्हींच्या तोंडाला पातळ फडके बांधावे व त्या उजेडात ठेवाव्यात. मुलांनी दोन-तीन आठवडे रोज रंगाची नोंद करावी. बरण्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कोणते पाणी आधी हिरवे झाले हे त्यांनी स्वतः पाहिले, म्हणजे गावच्या तळ्याकडे वळलेले गटार पाहून ती गप्प बसणार नाहीत.