गुडघ्याची दुखापत आणि फुटबॉलपटूचे स्थितिभान

डोळे मिटून बसलेल्या मनुष्यास आपला गुडघा सरळ आहे की वाकलेला आहे, आणि वाकला असल्यास साधारण किती, हे सांगता येते. हे ज्ञान त्यास दृष्टीने होत नाही, आणि त्वचेच्या स्पर्शानेही पुरतेपणी होत नाही. पंचेंद्रियांच्या पारंपरिक गणनेत त्यास स्थान नाही. त्यामुळे शास्त्रालाही त्याचे नाव बऱ्याच उशिरा ठरवावे लागले. चार्ल्स बेल याने १८२६ मध्ये स्नायूंच्या अवस्थेची वार्ता मेंदूकडे जाते व मेंदूची आज्ञा स्नायूंकडे येते असे एक मंडल कल्पिले. १८८० मध्ये हेन्री चार्लटन बॅस्टियन याने ग्रीक भाषेतील गती व वेदन या अर्थांचे दोन शब्द जोडून एक संज्ञा घडविली. १९०६ मध्ये शेरिंग्टनने ‘स्वतःचा’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्रोप्रियस’ शब्दावरून आजची रूढ संज्ञा बनविली. पहिल्या संज्ञेत भर गतीवर आहे, दुसरीत शरीर आपल्याच हालचालींची वार्ता घेते या गोष्टीवर. सांध्याची स्थिती ओळखणे हा या व्यापक व्यापाराचा एक भाग होय.

मराठीत त्यासाठी ‘स्थितीची जाणीव’ असा शब्दप्रयोग सहज सुचतो. प्रस्तुत लेखात मात्र ‘स्थितिभान’ हा शब्द योजिला आहे, आणि तो केवळ शब्दलाघवासाठी नव्हे. जाणीव ही असते आणि ती सांगता येते. ‘भान’ हा शब्द मराठीत बहुधा अभावाच्या प्रसंगी येतो: भान राहत नाही, भान सुटते, भान हरपते. जोवर ते आहे तोवर त्याविषयी बोलण्याची गरज पडत नाही. फुटबॉलपटूच्या गुडघ्यासंबंधीच्या संशोधनात जो घोटाळा गेली काही दशके चालू आहे, त्याच्या मुळाशी या दोहोंतील फरकच आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम वार्ता येते कोठून ते पाहू. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांस छेदणारे दोन अस्थिबंध आहेत. त्यांपैकी पुढचा, जो खेळाडूंच्या तोंडी ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी रुळला आहे, तो नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही व तिच्या पिळण्यास आवर घालतो. तो नुसता दोर नव्हे. त्यात मज्जातंतूंची ताण ओळखणारी टोके आहेत, हे मानवी अस्थिबंधांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत १९८४ मध्ये दाखविले गेले. यावरून असे अनुमान काढण्याचा मोह होतो की, अस्थिबंध तुटला की वार्ताहर मेला आणि स्थितिभान गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास तर सांध्यातील ग्राहींनाच या ज्ञानाचा मुख्य उगम मानीत असत. परंतु १९७२ मध्ये गुडविन, मॅक्‌क्लॉस्की व मॅथ्यूज यांनी स्नायूच्या कंडरेवर कंपन दिले असता स्थिर हातही हलत असल्याचा, आणि आहे त्याहून वेगळ्या स्थितीत असल्याचा, भास होतो हे सिद्ध केले. कंपनाने उद्दीपित होतात ती स्नायूंतील चातीच्या आकाराची ग्राही टोके, म्हणजे स्नायुतर्कू. पुढच्याच वर्षी असेही दिसून आले की, शस्त्रक्रियेने खुब्याचा सांधा काढून कृत्रिम सांधा बसविलेल्या रुग्णांस पायाची स्थिती बऱ्याच अंशी ओळखता येते. तेव्हापासून मुख्य भार स्नायूंवर, आणि सांध्यातील ग्राहींचे काम विशेषेकरून हालचालीच्या टोकाशी, जेथे अस्थिबंध ताणले जातात तेथे, असे मानले जाते.

मग अस्थिबंध तुटल्याने स्थितिभान का ढळावे? कारण दुखापत एकट्या अस्थिबंधाची नसते. गुडघ्यात पाणी भरते. सांध्यात द्रव भरून तो फुगविला की मांडीच्या पुढच्या स्नायूचे आकुंचन आपोआप दबले जाते, हे १९६५ मधील प्रयोगांत दिसले होते. वेदना नसतानाही हे घडू शकते. स्नायू दबला, पुढे न वापरल्याने रोडावला, म्हणजे ज्याच्यावर वार्तेचा मुख्य भार तोच दुबळा झाला. त्यात वेदना आणि थकवा यांची भर पडते. निरोगी गुडघ्यातही थकव्यानंतर स्थिती ओळखण्यातील चूक वाढते. सामन्याच्या अखेरच्या टप्प्याचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

आता मोजमापाकडे वळू. प्रचलित पद्धती मुख्यतः दोन आहेत. एकीत खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याचा गुडघा ठराविक कोनात, उदाहरणार्थ ४५ अंशांत, काही क्षण धरून ठेवतात, पूर्वस्थितीस आणतात व तोच कोन त्यास पुन्हा साधावयास सांगतात. किती अंश चुकले ते टिपतात. दुसरीत यंत्राने गुडघा अतिशय मंद गतीने हलवितात आणि हालचाल जाणवताक्षणी खेळाडूने कळ दाबावयाची असते. बॅरॅक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या दुसऱ्या पद्धतीने दाखविले की, अस्थिबंध तुटलेल्या गुडघ्यात हालचाल उशिरा जाणवते. त्यानंतर पुष्कळ परीक्षणे झाली. त्यांचा एकत्रित कौल असा की, दुखापतग्रस्त गुडघा निरोगी गुडघ्याहून उणा ठरतो. पण हे उणेपण लहान, बहुधा एक-दोन अंशांचे किंवा त्याहूनही कमी असते. निरोगी मनुष्यही काही अंशांनी चुकतोच, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे वजन कळते. शिवाय तुलना कशाशी करावयाची हाही प्रश्न आहे. एकाच पायाला दुखापत झालेल्या रुग्णांत दुसऱ्या, धडधाकट पायातही उणीव आढळल्याचे २००० मध्ये नोंदले गेले आहे. तेव्हा खेळाडूचा दुसरा पाय हे निर्दोष माप नव्हे. आणि ही परीक्षा होते बहुधा बसून वा पडून. फुटबॉलपटूचा गुडघा मोडतो तो उभ्याने, अंगाचा भार त्यावर असताना.

२०१२ मध्ये गोकेलर व त्याच्या सहकाऱ्यांनी या सर्व साहित्याचा धांडोळा घेऊन विचारले की, या उणिवेचा रुग्णाच्या प्रत्यक्ष हालचालींशी कितपत संबंध आहे. उत्तर निराशाजनक होते: संबंध असल्याचा पुरावा तुटपुंजा. काहींनी यावरून स्थितिभानाची गोष्टच गौण ठरविली. आमच्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. परीक्षेत मोजली जाते ती जाणीव. मनाने लक्ष देऊन, आठवण ठेवून, सावकाश दिलेले ते उत्तर असते. मैदानावर लागते ते भान.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद परका नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ मराठी मनुष्य जिभेच्या दोन निरनिराळ्या ठेवणींनी, न चुकता, उच्चारतो. पण जिभेचे टोक नेमके कोठे लागले असे विचारल्यास तो गोंधळतो. ध्वनिविज्ञानाच्या वर्गात विद्यार्थ्यांस हे शिकवावे लागते. जाणीव अधू, भान पक्के. याहून विलक्षण उदाहरण इयान वॉटरमन या इंग्रज गृहस्थाचे. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजाराने त्याचे मानेखालचे स्पर्शज्ञान व स्थितिभान दोन्ही नष्ट झाली; स्नायूंची शक्ती मात्र शाबूत राहिली. तो पुन्हा चालावयास शिकला, पण प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून. पुढे डेव्हिड मॅकनील आदी संशोधकांनी त्याचे हात त्याच्या दृष्टीआड ठेवले, तेव्हा सांगितलेली साधी कृती त्यास जमेना; बोलताना होणारे हातवारे मात्र शब्दांशी ताल धरून होतच राहिले. एकाच हाताची हालचाल कोणत्या हेतूने होते यावर तिचे नियंत्रण अवलंबून असते, असा त्याचा अर्थ. बिछान्यावर पडून कोन जुळविणारा गुडघा आणि प्रतिस्पर्ध्यास अडविण्यासाठी एकाएकी वळणारा गुडघा यांत तसाच हेतूचा भेद आहे.

त्या वळण्याचा काळही ध्यानात घेतला पाहिजे. फुटबॉलमध्ये या अस्थिबंधाच्या पुष्कळ दुखापती कोणाचा थेट धक्का गुडघ्यास न लागता होतात: चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना, लाथ मारल्यावर तोल सावरताना, डोक्याने चेंडू मारून उतरताना. हँडबॉल व बास्केटबॉलमधील दुखापतींच्या चित्रफितींच्या सूक्ष्म मापनावरून असे दिसते की, पाय जमिनीस टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत अस्थिबंध तुटतो. एवढ्या अवधीत वार्ता मज्जारज्जूपर्यंत जाऊन स्नायूत पुरेसे बळ उत्पन्न होणे अशक्यप्राय आहे. म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया गुडघ्यास वाचवीत नाही. वाचविते ती पाय टेकण्यापूर्वीच झालेली स्नायूंची सिद्धता. आणि ही सिद्धता असंख्य पूर्वानुभवांतून, स्थितिभानाच्या आधारे, घडलेली असते. दुखापतीनंतर ढासळते ते हे पूर्वनियोजन. ‘गुडघा सटकतो’ किंवा ‘पायावर भरवसा राहिला नाही’ असे खेळाडू सांगतो तेव्हा तो अंशांविषयी बोलत नसतो.

मेंदूच्या प्रतिमांकनानेही या दृष्टीस बळ मिळते. २०१७ मध्ये ग्रूम्स व सहकाऱ्यांनी अस्थिबंधाची पुनर्रचना झालेल्या व्यक्तींस गुडघा हलवावयास सांगून मेंदूतील क्रिया पाहिली. निरोगी व्यक्तींच्या तुलनेने त्यांच्यात दृष्टीशी निगडित भागांतही अधिक हालचाल आढळली. गुडघ्याची जी वार्ता आतून येत नाही तिची भरपाई डोळ्यांकडून होत असावी. वॉटरमनच्या स्थितीची ही फार सौम्य आवृत्ती म्हणता येईल. परंतु फुटबॉलपटूचे डोळे मोकळे नसतात. त्यांस चेंडू, सहकारी व प्रतिस्पर्धी यांचा माग ठेवावयाचा असतो.

व्यायामांविषयी थोडेसेच. १९९६ मध्ये कॅराफा व सहकाऱ्यांनी इटलीतील ४० संघांच्या ६०० फुटबॉलपटूंवर डळमळत्या फळीवरील तोलाच्या व्यायामांचा प्रयोग केला व दुखापती पुष्कळ घटल्याचे सांगितले. २००० मध्ये स्वीडनमधील स्त्री खेळाडूंवर तशाच फळीचा उपयोग झाला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील प्रयोगात १२५ क्लबांतील १,८९२ तरुण मुलींपैकी एका गटावर धावणे, बळ, तोल व उडीनंतर नीट उतरणे यांचा एकत्र कार्यक्रम राबविला, तेव्हा गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. अशा कार्यक्रमांस सर्रास ‘स्थितिभानाचे व्यायाम’ म्हणतात. यश कशाचे, भानाचे की बळाचे की उतरण्याच्या रीतीचे, हे त्या नावावरून ठरत नाही. फळीवर तोल राखण्याचे कसब वाढणे आणि गुडघ्यातील ग्राही अधिक तीक्ष्ण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

प्रश्न व्यवहाराचा आहे तो खेळाडूस मैदानावर परत केव्हा पाठवावे हा. शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतील खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुन्हा दुखापत होते, असा २०१६ मधील एका एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी ग्रिंडेम व सहकाऱ्यांनी दाखविले की, परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबविल्यास दर महिन्यागणिक गुडघ्याच्या पुनर्दुखापतीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. त्यांनी परतण्यासाठी लावलेल्या कसोट्या मांडीच्या पुढच्या स्नायूच्या बळाच्या, एका पायावरील उड्यांच्या व खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्याच्या होत्या. कोन जुळविण्याची परीक्षा त्यांत नव्हती. कोल्हापूरच्या तालीम मंडळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलासाठी कोनमापक यंत्र मिळाले नाही, तर त्यात फारसे बिघडत नाही. एका पायावर उडी मारून तो दोन्ही बाजूंस सारखाच उतरतो का, आणि चेंडूवर नजर असतानाही तसाच उतरतो का, हे मैदानाच्या कडेला उभे राहूनही पाहता येते. त्यास नऊ महिने थांबविणे हे मात्र यंत्राहून अवघड काम आहे.