अंगठा कुणाचा, फोन कुणाचा?

डहाणूचे नाव निघाले की आपल्याला चिकूच्या बागा आठवतात, आणि तलासरी म्हटले की अहमदाबादचा हमरस्ता. पण या दोन तालुक्यांच्या पाड्यांवर अंगठ्याचा इतिहास मोठा कडू आहे. अक्षरओळख नसलेल्या वारल्याने सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा, आणि कागदात काय लिहिले आहे ते त्याला सावकाराच्याच तोंडून कळावे! लग्नापुरत्या काढलेल्या कर्जापायी नवरानवरी जमीनदाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठीला नकार दिला.

आज त्याच पाड्यांवर अंगठा काचेवर पडतो. तुम्ही कुठे आहात ते पाहू का, तुमच्या ओळखीच्यांची यादी वाचू का, असे फोन विचारतो आणि दुकानदार परस्पर ‘हो, हो’ दाबून मोकळा होतो. आपण शहरवासीयांनी हसू नये; आपण तरी त्या अटी कधी वाचल्या आहेत?

यावर जाणकार एक उपाय सुचवतात, तो खुल्या प्रणालीचा. फोन ज्या मूळ प्रोग्रामवर चालतो, त्याचे लेखन कुणालाही वाचता, तपासता, बदलता यावे, अशी ही व्यवस्था. सुगरणीने कृती लपवून न ठेवता साऱ्या आळीला द्यावी, तसे. २००७ साली जाहीर झालेल्या अँड्रॉइडचा पाया असाच खुला आहे. गंमत अशी की त्या पायावर कंपन्या आपापले जे मजले चढवतात, ते बहुधा बंद असतात.

२०१७ साली आलेल्या जिओफोनचेच पाहा ना. पंधराशे रुपये अनामत, आणि हातात इंटरनेट! त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या खुल्या प्रणालीतून जन्मलेली. पण मालकाला ती काढून दुसरी घालावी म्हटले, तर ते सहजी जमण्यासारखे नव्हते. कूळ खुले, पण दाराला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याकडे!

खरी किल्ली हाती देणाऱ्या प्रणालीही आहेत. लिनिएजओएस ही २०१६ पासूनची. जुन्या फोनला ती नवे आयुष्य देते. ग्राफीनओएसमध्ये तर एखाद्या अॅपचे इंटरनेटच तोडता येते. मात्र ती मुख्यत्वे गूगलच्या पिक्सेल फोनांवर चालते, आणि ते फोन महाग. शिवाय अशा प्रणालींवर काही बँकांची अॅपे रुसून बसतात. म्हणजे ज्याला नकाराची गरज जास्त, त्यालाच तो परवडत नाही. हे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

कायदा अगदीच मुका नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या कायद्यात, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय ठेवली आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, वारली नाही.

दिवाळीला नवा फोन आला की जुना आपण घरकामाच्या बाईंना देतो. देण्याआधी आपली खाती काढून तो पुसावा, हे तर झालेच. पण मग दहा मिनिटे त्यांच्याशेजारी बसून सेटिंगमधल्या ‘परवानग्या’ उघडा. कोणते अॅप काय मागते ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगा, आणि ‘हो’ की ‘नाही’, ते बटण त्यांनाच दाबू द्या.