यंत्र घडविणाऱ्याचे उत्तरदायित्व

पूर्णा आणि तापी यांच्या संगमालगतच्या मुक्ताईनगर परिसरात गहू-हरभरा खळ्यावर आला की मळणीयंत्रांची घरघर रात्री उशिरापर्यंत चालते. यंत्र बहुधा भाड्याचे, आभाळाचा भरवसा नाही; साहजिकच प्रत्येकाला घाई असते. या घाईत पेंढी पुढे सारणारा एखादा हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत जातो. मग गाव निकाल देऊन मोकळे होते : मजुराचे लक्ष नव्हते. हा निकाल सोयीचा आहे. न्याय्य मात्र नाही.

माणूस थकतो, त्याला डुलकी येते, पदर वा उपरण्याचे टोक वाऱ्याने उडते. यंत्र घडविणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. म्हणूनच भारतीय मानक संस्थेने 1979 साली मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेचे मानक सिद्ध केले. पीक आत सारण्याची पन्हाळी किमान 90 सेंटीमीटर लांब असावी व तिचा 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ते सांगते. हेतू उघड आहे : हात कितीही पुढे गेला तरी दात्यांपर्यंत पोहोचू नये. थोड्याशा पत्र्याचे हे काम मजुराला केलेल्या शंभर उपदेशांहून मोलाचे आहे.

कायद्यालाही ही दृष्टी नवी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 26 ने धोकादायक फिरते भाग उघडे ठेवून यंत्र विकणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा 500 रुपयांपर्यंत दंड सांगितला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, यंत्राची रचना, निर्मिती, आयात व पुरवठा करणाऱ्यांवर सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी घालण्यात आली. परंतु या तरतुदी कारखान्यासाठी होत्या आणि खळे म्हणजे कारखाना नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला. त्याने मळणीयंत्राच्या निर्मात्यावर व विक्रेत्यावर परवान्याचे बंधन घातले आणि अपघातग्रस्तास भरपाईचा हक्क दिला.

आज चार दशकांनंतर प्रश्न कायद्याचा नाही, तो गावापर्यंत पोहोचण्याचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंग करून यंत्र जुळविणाऱ्या छोट्या कारागिराला हे मानक कोण समजावून सांगणार? दुरुस्तीच्या वेळी काढलेली पन्हाळी पुन्हा बसवली की नाही, हे कोण पाहणार? एवढ्या अटींनी गरीब कारागीर बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. म्हणून दंडाच्या आधी त्याच्या हाती आराखडा द्यावा, प्रात्यक्षिक दाखवावे. परंतु त्यानंतर सूट देऊ नये. पत्र्यात वाचविलेल्या पैशाची किंमत मजुराने हाताने का मोजावी?

युरोपीय संघाच्या 2006 च्या यंत्रविषयक निर्देशाने निर्मात्याला क्रमच घालून दिला : प्रथम धोका रचनेतूनच काढा, उरेल त्यास आडोसा करा, आणि त्यानंतरही जो उरेल त्याचीच सूचना लिहा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. सावधानतेची पाटी आधी येते, आडोसा राहून जातो.

येत्या हंगामापूर्वी कृषी विभागाने, ग्रामपंचायतींनी आणि यंत्र भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यांनी एवढे तरी करावे : झाकलेल्या पन्हाळीवाचून यंत्र खळ्यावर येऊ देऊ नये. तुटलेला हात कोणतीही भरपाई परत आणीत नाही.