खडूतील मणी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर खडूचे शुभ्र कडे उभे आहेत. सुमारे १० ते ७ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांची कवचे साचत गेली व त्यांचाच हा खडू बनला. त्या समुद्रात स्पंजही राहत असत. स्पंज ही वनस्पती नव्हे. तो प्राणी आहे. अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत घेऊन त्यातील अन्नकणांवर तो जगतो.

या कड्यांच्या पायथ्याशी गोट्यांमध्ये वाटाण्याएवढे पांढुरके गोळे आढळतात. ते साध्या गोट्यांहून वेगळे कसे ओळखावे? भिंगातून पाहिल्यास त्यांच्यावर बारीक छिद्रांची दाट जाळी दिसते. 'पोरोस्फेरा' नावाच्या स्पंजाचे हे जीवाश्म, म्हणजे दगडरूप झालेले अवशेष होत.

कित्येक गोळ्यांना आरपार भोकही असते. किनाऱ्यापासून दूर, बेडफर्ड येथे नदीने आणलेल्या गाळात, असे गोळे अश्मयुगीन हत्यारांसोबत सापडले. ते आदिमानवाच्या माळेतील मणी असावेत, असे एकोणिसाव्या शतकात वर्दिंग्टन स्मिथ या संशोधकांना वाटले. परंतु अशी भोके निसर्गतःही पडतात. म्हणून याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

गोळे कोठे व कशाबरोबर मिळाले हे ठाऊक होते, म्हणूनच हा विचार करता आला. यास्तव चांगला संग्राहक जीवाश्म उचलताच स्थळ, थर व दिनांक टिपून ठेवतो. नोंद हरवली, की कोट्यवधी वर्षांचा साक्षीदार मुका होतो.